‘ढ’ म्हणण्याआधी

अंजनगाव सुर्जीतलं एक लेकरू डोळ्यासमोर आणा. चौथीत आहे. सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर पानमळ्यात जातं, शेकड्याने पानं मोजून देतं, हिशेबात चुकत नाही. पानपिंपरीचा वेल कधी लावतात, पाणी किती लागतं, सगळं सांगतं. शाळेतली कविता चालीवर म्हणतं. मात्र मराठीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीवर थांबतं. पहिलं अक्षर ओळखतं, दुसऱ्यावर अडखळतं, तिसऱ्याला अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. चार शब्दांनंतर पोटात दुखायला लागतं.

आई म्हणते, “तोंडी विचारा, समदं सांगते. पुस्तक हाती देलं का रडते.” वडील म्हणतात, “काहून वाचत नाई? ध्यानच नाई त्याचं.” शाळेत शेजारच्या बाकावरच्या पोरांनी नाव ठेवून झालेलं असतं. ढ.

असं लेकरू जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं, आणि एकटंच नसतं. त्याला आळशी, हट्टी किंवा मंद ठरवण्याआधी त्याचं वाचन कुठे आणि का अडतंय, हे पाहायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमकं कारण कळेपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. पहिली मदत घरीच सुरू करता येते, आणि ती आजपासून करता येते.

वाचन आपोआप येत नाही

बोलणं मूल ऐकून-ऐकून शिकतं. वाचनाचं तसं नाही. माणूस लाखभर वर्षं तरी बोलतो आहे, लिपी मात्र पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. त्यामुळे मेंदूत वाचनासाठी जन्मतः तयार जागा नसते. डोळ्यांनी आकार ओळखणारे, कानांनी आवाज वेगळे करणारे आणि अर्थ लावणारे असे मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडावे लागतात. ही जोडणी शिकवण्याने आणि सरावाने होते.

ती मोठेपणीही होते, याचा एक दाखला आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं गेलं. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची स्कॅन तपासणी झाली. २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. देवनागरी वाचता येऊ लागल्यावर मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर खोलवरच्या भागांच्या आपसातल्या संपर्कातही बदल दिसला. तिशीतल्या बाईचा मेंदू सहा महिन्यांत इतका बदलतो, तर नऊ वर्षांच्या मुलाबद्दल ‘आता याला काही यायचं नाही’ असं म्हणायला काहीच आधार नाही.

सोपी वाटणारी आपली लिपी

मराठी जशी बोलावी तशी लिहितात, असं आपण म्हणतो. इंग्रजीच्या तुलनेत ते खरंही आहे. पण शिकणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहा. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे व्यंजनांना स्वरचिन्हं लावली की बाराखडीचीच चारशेच्या वर रूपं होतात, आणि जोडाक्षरं त्याहून वेगळी. कन्नडची लिपीही याच पद्धतीची आहे. त्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की सगळी अक्षररूपं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. म्हणजे पहिलीत बाराखडी पाठ झाली म्हणून वाचन आलं, असं होत नाही.

गावाच्या पाटीवरचं नावच घ्या. ‘अंजनगाव’मधला पहिला अनुस्वार लिहिताना टिंब आणि म्हणताना ‘ञ्’. ‘जन’मधला ‘न’ पूर्ण लिहायचा, पण उच्चारात त्याचा ‘अ’ गळतो. ‘सुर्जी’तला रफार बसतो ‘जी’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ‘जी’च्या आधी. ऱ्हस्व इकार लिहितो व्यंजनाच्या आधी, म्हणतो नंतर. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ अक्षराने एक, आवाजाने दोन. शिवाय घ-ध, भ-म, ब-व, थ-य या दिसायला सारख्या जोड्या आहेतच.

बहुतेक मुलांच्या हे सरावाने अंगवळणी पडतं. काहींना मात्र प्रत्येक पायरी कुणीतरी उलगडून दाखवावी लागते.

अडण्याची चार कारणं

पहिलं कारण डोळे आणि कान. फळा धूसर दिसत असेल, कान वारंवार फुटत असेल आणि ‘प’-‘ब’मधला फरक ऐकूच येत नसेल, तर वाचन अडणारच. म्हणून सर्वांत आधी नजर आणि श्रवण तपासून घ्यावं.

दुसरं कारण घरची भाषा. वऱ्हाडात ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’, ‘पाणी’चं ‘पानी’. पुस्तकात ‘डोळा’ छापलेलं असताना मूल ‘डोया’ म्हणालं, तर त्याने चूक केली का? नाही. त्याने अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थही लावला आणि आपल्या घरच्या उच्चारात तो सांगितला. हे चांगलं वाचन आहे. ‘पुस्तकात असं म्हणतात, घरी आपण असं म्हणतो’ एवढं सांगून पुढे जावं. प्रत्येक ‘य’वर टोकलं, तर ते मूल वाचायचंच बंद करतं.

मेळघाटातून कामासाठी खाली आलेल्या कोरकू कुटुंबांतल्या मुलांची अडचण मोठी असते. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नाही. त्या मुलाला अक्षरं आणि भाषा दोन्ही एकदम शिकावं लागतं. घरी उर्दू बोलणारं मूल मराठी शाळेत असेल, तर तिथेही काही शब्द नव्याने शिकवावे लागतात. या मुलांना आधी तोंडी मराठी भरपूर मिळाली पाहिजे. भाषा नवी असणं हा आजार नाही आणि अपंगत्व तर नाहीच.

तिसरं कारण पुरेसं शिकायलाच मिळालेलं नसणं. सतत गैरहजेरी, हंगामात गाव सोडणं, एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, करोनाच्या काळात बंद राहिलेल्या शाळा. ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासणारा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. २०२४च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. एवढ्या सगळ्या मुलांच्या मेंदूत दोष असू शकत नाही. त्यांच्यापर्यंत शिकवणं नीट पोचलेलं नाही.

चौथं कारण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमता. बुद्धी ठीक, नजर ठीक, शिकवणारं कुणी आहे, तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की बसत नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या अशा एका मुलाची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली. मुलगा हुशार होता, खेळात मागे नव्हता, पण वाचन काही केल्या येत नव्हतं. सगळा अभ्यास तोंडी असता तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. सव्वाशे वर्षांनंतर अंजनगावची आई जवळपास तेच सांगते आहे.

डिस्लेक्सियाचं प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के मानलं जातं, म्हणजे तीसच्या वर्गात दोन-तीन मुलं. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते. ‘याच्या बापानेही वाचता येत नाही म्हणूनच शाळा सोडली’ असं आजी सांगते, तेव्हा ते डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं असतं. २००७च्या ‘तारे जमीं पर’ चित्रपटामुळे हा शब्द घराघरांत गेला. पण त्यातून उलटी अक्षरं म्हणजेच डिस्लेक्सिया, असाही समज पसरला. लहान वयात अक्षरं उलटी काढणं पुष्कळ मुलांत दिसतं. डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नसतं. बहुतेक वेळा अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते.

ही चारही कारणं एकाच मुलात एकत्र असू शकतात. वरून पाहून ती वेगळी करणं अनुभवी शिक्षकालाही अवघड जातं. पण चौघांचाही पहिला उपाय एकच आहे: थोडं थोडं, क्रमाने, रोज, मायेने शिकवणं. तसं दोन-तीन महिने नेमाने केल्यावर बरीच मुलं पुढे सरकतात. जे सरकत नाही, त्याला नीट तपासणीची गरज आहे, हेही त्यातूनच कळतं.

घरी रोज दहा मिनिटं

आवाजांचे खेळ खेळा. यासाठी पुस्तक लागत नाही. भाकरी थापताना, वावरात जाताना विचारता येतं. ‘मका’ उलटा केला तर? ‘काम’. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘पाट’. ‘पान’सारखा शेवट असलेले शब्द सांग. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करा. आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसेल, तरी हा खेळ पूर्ण खेळता येतो.

थोडी अक्षरं घ्या आणि लगेच शब्द करा. सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या वाटेने अडलेलं मूल शब्दापर्यंत पोचतच नाही. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काम, माल, मका, कमाल, मालक होतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी हीच दिशा धरली: अक्षरांचे छोटे गट आणि त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून मात्रा. एक गट पक्का झाला की पुढचा.

हात, डोळे, कान एकत्र वापरा. पिठात किंवा मातीत बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. घ-ध, भ-म यांसारख्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पूर्ण पक्कं झाल्यावरच दुसरं.

मुलाबरोबर वाचा. तुम्ही ओळीखाली बोट फिरवत एक वाक्य वाचा, मग तेच मुलाने वाचायचं. एकच छोटा उतारा चार दिवस घ्या. पहिल्या दिवशी अडखळणारं मूल चौथ्या दिवशी सलग वाचतं, आणि त्याला आपण वाचू शकतो हे स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळतं. घरात वाचणारं मोठं कुणी नसेल, तर सहावी-सातवीतली ताई हे काम उत्तम करते. आजीने समोर बसून ऐकायचं आणि ‘मंग काय झालं?’ एवढं विचारायचं.

बाहेरचं वाचा. बसस्थानकावर एसटीची पाटी असते. ‘अकोट’ सोपं, ‘परतवाडा’ थोडं लांब, ‘दर्यापूर’ला रफार. ज्या गावाला मामा राहतो, त्याचं नाव मूल लवकर वाचतं.

चुकलं तर मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात नाही जमलं, तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. चुकलेला शब्द पन्नासदा लिहायला लावू नका. बहिणीशी तुलना नको. दहा मिनिटं झाली की थांबायचं, आणि थांबताना मुलाला येणारा शब्द शेवटी यावा असं बघायचं.

एक गोष्ट या दहा मिनिटांत मोजू नका: गोष्टी ऐकणं. वाचन मागे असलं, तरी शब्दसंपत्ती आणि समज मागे पडू नये, म्हणून मोठ्यांनी वाचून दाखवणं, कीर्तन, कहाण्या, रेडिओ हे सगळं चालू ठेवावं.

वर्गात काय करता येतं

शिक्षकांवर कामं किती असतात, ते सर्वांना माहीत आहे. म्हणून ज्याला जादा तास लागत नाही, अशाच गोष्टी आधी.

वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला लावू नये. वाचायचंच असेल, तर कोणता परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी सांगावं. घरून तयारी करून आलेलं मूल तोच परिच्छेद मान वर करून वाचतं. परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी विचारावं. तिथे आपण परिसर तपासतो आहोत, शुद्धलेखन नाही. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लावण्यापेक्षा शेजारच्या मुलाची वही द्यावी.

दिवसातला एक तास इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करावेत: अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, वाक्य वाचणारे, गोष्ट वाचणारे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत देशभर वापरली, आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसून आला. चौथीतल्या मुलाला चौथीचं पुस्तक पुढे ढकलण्यापेक्षा तो जिथे उभा आहे तिथून हात धरला, तर तो चालतो.

काही गोष्टींवर मात्र पैसे घालवू नका. स्मरणशक्तीची सिरपं, डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचांचे चष्मे यांनी डिस्लेक्सिया जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच डोळ्यांच्या अशा उपचारांना आधार नसल्याचं एकत्रितपणे सांगितलं आहे. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा हवाच, पण तो दिसण्यासाठी.

तपासणी, कायदा आणि कागद

दोन-तीन महिन्यांच्या नेमाच्या मदतीनंतरही गाडी पुढे सरकत नसेल, तर तपासणी मागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. उंची-वजनाच्या तपासणीपलीकडे नजर, श्रवण आणि शिकण्यातल्या अडचणीही त्यांच्या यादीत आहेत. पण पथकाला एका दिवसात शेकडो मुलं पाहायची असतात. कोणत्या मुलाकडे नीट बघायचं, हे शिक्षकांनी आणि पालकांनी त्या दिवशी सांगितलं पाहिजे. समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांबद्दल तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारणा करता येते.

मराठी मुलाची चाचणी मराठीतच व्हायला हवी. इंग्रजी चाचणीत अडलेलं मूल डिस्लेक्सियाचं आहे की इंग्रजी न येणारं, ते कळत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणी-संच तयार केला. तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी प्राथमिक चाचण्याही आहेत. तपासणीला जाल तिथे ‘चाचणी मराठीत होईल ना?’ हे जरूर विचारा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. अशी मुलं लवकरात लवकर शोधून त्यांच्यासाठी योग्य अध्यापनाची सोय करणं ही जबाबदारी त्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची तपासणी लागते. महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेतल्या सवलती १९९६ मध्येच देऊ केल्या, देशात सर्वांत आधी. तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या मुख्य. सवलत म्हणजे फुकटचे गुण नव्हेत. जे येतं ते कागदावर उतरवायला लागणारा वेळ, एवढाच तिचा अर्थ.

अडचण आहे ती पोचण्याची. अंजनगावहून अमरावतीची खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होत नाही. मुंबईसारख्या ठिकाणीही, जिथे रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र विभाग आहेत, तिथल्या अभ्यासांत निदानाच्या वेळी मुलांचं सरासरी वय साधारण अकरा वर्षं आढळलं. म्हणजे पाच वर्षं ‘ढ’ ऐकून झाल्यावर. तालुक्याच्या ठिकाणी, उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी ही तपासणी व्हावी, ही मागणी पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी लावून धरण्यासारखी आहे.

राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. पूर्वी न वाचता येणारं मूल पुढे ढकललं जायचं, आता ते मागे ठेवलं जाऊ शकतं. तेच पुस्तक, तीच पद्धत, फक्त वर्ष दुसरं, एवढ्याने वाचन येत नाही. म्हणून चौथीतलं लेकरू अडत असेल, तर पाचवीच्या निकालाची वाट पाहू नका.

आज संध्याकाळी त्याच्या पुस्तकातला एक छोटा उतारा काढा. तुम्ही एक वाक्य वाचा, त्याला एक वाचू द्या. कुठल्या अक्षरावर अडलं, ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह टिपून ठेवा. रोज दोन ओळी. पुढच्या महिन्यात बाईंना किंवा सरांना भेटाल, किंवा डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ‘याचं ध्यान नाही’ म्हणण्याऐवजी ते पान त्यांच्यासमोर ठेवा. मुलाला नेमकी कुठे मदत हवी, हे त्या पानावरून कळेल.